आधी थंड पाणी: रुग्णसेवेत नव्याने येणाऱ्यांसाठी

रुग्णसेविकेच्या कोर्समध्ये आम्हाला बीपी बघायला, कूस बदलायला, बेडपॅन द्यायला, नळीतून जेवण भरवायला शिकवलं. कपडे धुण्याबद्दल कुणी काही सांगितलं नाही. ते काय, सगळ्यांना येतंच, असं धरून चालतात. मीही तसंच धरून चालले होते.

माझं पहिलं घर पुण्यातलं. आजींच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन त्या नुकत्याच घरी आल्या होत्या. एका पहाटे ड्रेसिंगच्या कडेनं रक्त झिरपलं आणि खालच्या सोलापुरी चादरीवर तळहाताएवढा डाग पडला. मी चादर काढली आणि चांगली स्वच्छ निघावी म्हणून बादलीत गीझरचं कडकडीत पाणी सोडलं. पाणी लाल झालं, मला वाटलं डाग सुटतोय. पिळून उघडून बघते तर लाली गेली होती, पण तपकिरी कड जशीच्या तशी धाग्यात बसली होती. साबण लावला, ब्रशनं घासली, तीनदा धुतली. कड हलली नाही. आजी म्हणाल्या, "राहू दे गं पोरी, चादरच आहे." ती चादर त्यांच्या लेकीनं पहिल्या पगारातून आणली होती, हे मला नंतर कळलं.

अंडं उकडलं की त्यातलं पांढरं घट्ट होतं आणि पुन्हा पातळ होत नाही. रक्ताचंही तसंच. रक्त, पू, उलटी, शी या सगळ्यांत प्रथिनं असतात आणि गरम पाण्यानं ती कापडाच्या धाग्यात शिजून बसतात. म्हणून पहिलं पाणी थंडच, नळाचं. डाग उलटा करून मागच्या बाजूनं धार सोडायची, म्हणजे रक्त आत न जाता आलं तिकडूनच बाहेर पडतं. पाणी स्वच्छ येईपर्यंत साबणाला हात लावायचा नाही. मग थंड पाण्यात मूठभर मीठ घालून अर्धा तास भिजवायचं. डाग ताजा असेल तर बहुतेक वेळा एवढ्यावर निघतो.

वाळलेल्या रक्तासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरते. औषधाच्या दुकानात साधारण ६ टक्क्यांची बाटली मिळते, तेवढंच पाणी घालून ते ३ टक्क्यांवर आणायचं. डागावर टाकलं की फसफसतं. फेस थांबला की धुवायचं, लागलं तर पुन्हा. पण हे फक्त पांढऱ्या सुती कापडावर. रंगीत कपडा फिका पडू शकतो, लोकर-रेशमावर तर टाकूच नका.

एंझाइमची पावडर मिळाली तर तीच घ्या, पाकिटावर लिहिलेलं असतं. ते एंझाइम प्रथिनं तोडतं, पण त्याला वेळ लागतो आणि कोमट पाणी लागतं. उकळत्या पाण्यात ते मरतं. थंड पाण्यानं डाग काढून झाला की कोमट पाण्यात तासभर भिजत घाला आणि दुसरं काम करा. रेशीम-लोकर यातही नाही, कारण तो धागाच प्रथिनाचा असतो.

आता एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. चादर पाण्यात टाकण्याआधी डाग नीट बघा. घरच्यांना किंवा डॉक्टरांना पहिली खबर आपणच देऊ शकतो. शी डांबरासारखी काळी आणि चिकट असेल तर पोटात आत रक्त जात असण्याची शक्यता असते. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, म्हणून कुठली औषधं चालू आहेत ते माहीत हवं. टीबीच्या रिफाम्पिसिननं लघवी आणि घामसुद्धा नारिंगी होतो, त्याला घाबरायचं नाही. पण लघवीत रक्त, पुवाला नवा वास, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी दिसली की फोटो काढा, वेळ लिहून ठेवा आणि लगेच सांगा. मी एकदा घाईघाईनं धुऊन टाकलं आणि डॉक्टरांनी रंग विचारला तेव्हा मला नेमकं सांगता आलं नाही. तेव्हापासून आधी बघते, मग बादली भरते.

शीचे कपडे झटकायचे नाहीत. हातमोजे घालून, जुन्या पुठ्ठ्याच्या तुकड्यानं जेवढं निघेल तेवढं संडासात टाकायचं, मग थंड पाण्यानं खळबळून काढायचं. बादली वेगळी ठेवायची, घरच्यांच्या कपड्यांत मिसळायचं नाही. डाग पूर्ण गेल्यावर मात्र गरम पाणी चालतं, उलट हवंच. मशीनला ६० अंशांचा प्रोग्रॅम असेल तर सुती चादरी त्यावर लावा. केमोथेरपी झालेल्या रुग्णाचे कपडे निदान पहिले दोन दिवस हातमोज्यांशिवाय हाताळू नका, वेगळे आणि दोनदा धुवा.

ब्लीचबद्दल कळकळीनं सांगते. लघवी मुरलेल्या कपड्यावर ब्लीच थेट ओतू नका. शिळ्या लघवीत अमोनिया तयार झालेला असतो, त्यात ब्लीच पडलं की डोळे आणि छाती झोंबणारा वायू निघतो. व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड ब्लीचबरोबर आलं तर क्लोरीन निघतो. छोट्या बंद मोरीत हे जिवावर बेतू शकतं. ब्लीच लागलंच तर पांढऱ्या सुती कपड्याला, स्वच्छ खळबळून झाल्यावर, खिडकी उघडी ठेवून, दुसरं काहीही न मिसळता.

बीटाडीनचा, म्हणजे जखमेवर लावायच्या आयोडीनच्या तपकिरी औषधाचा डाग वेगळा. कपड्याला खळ असेल तर तो निळा-काळा होतो आणि बघणारा दचकतो. क जीवनसत्त्वाची बिनरंगाची गोळी कुटून अर्ध्या कप पाण्यात विरघळवा आणि डागावर घाला. रंग डोळ्यांदेखत उतरतो.

अर्थात चादर खराबच होऊ न देणं सगळ्यांत बरं. गादीवर मेणकापड, त्यावर आडवी चादर, कमरेखाली जुन्या सुती साडीच्या चार घड्या. रात्री ओलं झालं तर एक घडी ओढून काढली की झालं, रुग्णाला पूर्ण हलवावं लागत नाही. पावसाळ्यात कपडे पंख्याखाली पूर्ण वाळवून इस्त्री करा. दमट राहिलेल्या कापडानं पाठ लाल होते, आणि तिथूनच बेडसोरची, म्हणजे सतत पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात होऊ शकते.

दुसरं घर नाशिकचं, कंपवात झालेल्या एका निवृत्त शिक्षकांचं. मी त्यांना काका म्हणायचे. तिसऱ्या दिवशी खोलीत वास यायला लागला. शोधलं तर गादीखाली ओला लेंगा, दोन दिवसांचा, दाबून ठेवलेला. मी तो त्यांच्यासमोर उचलला नाही. ते बाल्कनीत बसल्यावर काढला, थंड पाण्यानं धुतला, अर्धी बादली पाण्यात कपभर पांढरं व्हिनेगर घालून तासभर ठेवला, मग एंझाइमच्या पावडरीत. वास गेला.

संध्याकाळी पलंगाजवळ दाराआड झाकणाची बादली ठेवली आणि सांगितलं, "काका, ओलं झालं की यात टाकायचं. मी विचारणार नाही." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं तर आत लेंगा होता, थरथरत्या हातांनी चार घड्या घातलेला.