सही फक्त तुमची लागते

मी आशा कार्यकर्ती आहे, अकरा वर्षं झाली. गावातल्या बाईला गर्भपातासाठी सरकारी दवाखान्यात जायचं असलं की बहुतेक वेळा मी सोबत जाते.

आधी आठवडे मोजा. इथेच बायका चुकतात. मोजणी पाळी चुकल्यापासून नाही, शेवटची पाळी आली त्या पहिल्या दिवसापासून करायची. १ जूनला पाळी आली आणि १५ जुलैला तुम्ही दवाखान्यात गेलात, तर तुमच्या हिशोबाने पंधरा दिवस वर गेलेत, पण डॉक्टर सहा आठवडे धरतात. बाळ अंगावर पीत असेल आणि पाळीच सुरू झाली नसेल, तर सोनोग्राफीवरून दिवस काढतात. ९ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी होतं, म्हणून वाट बघू नका. आणि मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून खाऊ नका. गर्भ पिशवीत नसून नळीत असेल तर त्या गोळ्यांनी काही होत नाही, उलट जिवावर बेततं.

सरकारी रुग्णालयाला यासाठी वेगळी मान्यता लागत नाही. पण प्रशिक्षित डॉक्टर प्रत्येक पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) नसतात. कुठल्या वारी डॉक्टर असतात ते आशाताईला नाहीतर सिस्टरला आधी विचारा, एसटीचं भाडं वाया जात नाही.

मागच्या थंडीत एका बाईबरोबर गेले होते. दोन लेकरं, नवरा ऊसतोडीला कर्नाटकात. तिथल्या सिस्टरनी "नवऱ्याला घेऊन या" म्हणत केसपेपर परत सरकवला. ती लगेच पदर सावरून वळली. मी म्हटलं, "सिस्टर, 'सी' नमुना काढा आणि नवऱ्याच्या सहीची जागा दाखवा." हा संमतीचा फॉर्म, त्यावर ती जागाच नाही. तिने स्वतःचं नाव लिहिलं, हळूहळू, एकेक अक्षर.

बाई अठरा वर्षांची झालेली असली की तिची एकटीची संमती पुरते. नवरा, सासू, कोणाचीच परवानगी लागत नाही. लग्न झालेलं नसलं तरीही नाही. अठराच्या आतल्या मुलीसाठी पालकाची सही लागते आणि पोलिसांना कळवावं लागतं, पण त्यात तिचं नाव उघड न करण्याची विनंती करता येते. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये तसं सांगितलंय.

२० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ मध्ये दोन डॉक्टर लागतात, आणि कारणं ठरलेली आहेत: बलात्कार, अल्पवयीन मुलगी, अपंगत्व, गरोदरपणातच नवरा वारला किंवा घटस्फोट झाला, बाळात गंभीर दोष, अशी. त्यानंतर बाळात गंभीर दोष असेल तर प्रकरण मेडिकल बोर्डाकडे जातं.

"गर्भपाताला बंदी आहे" असं कोणी म्हणालं तर शांतपणे सांगा, बंदी लिंगतपासणीवर आहे. "आधी तांबी बसवा, मगच करू" अशी अटही घालता येत नाही. तरीही परत पाठवलं, तर वैद्यकीय अधीक्षकांना भेटा आणि कारण लेखी मागा. लेखी म्हटलं की बऱ्याचदा तिथेच काम होतं.

घरी आल्यावर तासाला दोन पॅड भिजतील इतकं रक्त सलग दोन तास जात असेल, ताप येत असेल किंवा घाण वास येत असेल, तर १०८ला फोन करा. दोन आठवड्यांनी तपासणीला बोलावतात. तेव्हा बरं वाटत असलं तरी जा. गोळ्यांनी सगळं पडलं की नाही, ते तेव्हाच कळतं.