इन्व्हर्टर हिशेबापेक्षा लवकर बंद पडतो: माझा अनुभव

राजारामपुरीतील आमच्या दुकानाचा इन्व्हर्टर, १२ व्होल्ट गुणिले १५० अँपिअर-तास भागिले ४०० वॅट भार या हिशेबाने साडेचार तास चालायला हवा असताना, अडीच तासांच्या आतच बंद पडत असे. डिस्टिल्ड वॉटर भरून, टर्मिनल घासूनही फरक पडेना. ऐन पावसाळ्यात अगदी वैताग आला.

अखेर बॅटरी पूर्ण चार्ज केली, मेन स्विच बंद करून नेहमीचा भार चालू ठेवला आणि डीसी क्लॅम्प मीटर, म्हणजे केबलभोवती अडकवून प्रवाह मोजणारे उपकरण (बॅटरीचा प्रवाह डीसी असल्याने साधा एसी मीटर येथे निरुपयोगी), बॅटरीच्या एकाच केबलभोवती लावला. प्रवाह ४०० भागिले १२, म्हणजे सुमारे ३३ ऐवजी ४० अँपिअर निघाला, कारण इन्व्हर्टर स्वतःही काही वीज खातो. बॅटरीवरील १५० हा आकडा मात्र २० तासांच्या, म्हणजे ७.५ अँपिअरच्या, संथ वापरासाठी असतो. प्रवाह वाढला की क्षमता घटते. म्हणून १५० चे ६० टक्के, म्हणजे ९० धरून ४० ने भागले: सव्वादोन तास. घड्याळाशी हे जुळले.