सराफ्याचा ओटा: शेजारच्या साइटवरून आपल्याकडे वाचक कसे आणावेत

इंदूरच्या सराफ्यात रात्री सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं खाली येतात आणि त्याच ओट्यांवर खाण्याच्या कढया चढतात. गर्दी तीच, माल वेगळा, म्हणून कुणी कुणाच्या पोटावर पाय देत नाही. माझी साइट इंदुरी-मराठी स्वयंपाकाची, जोडीला घरी कुटलेलं जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) विकते. पहिली दोन वर्षं मी इतर पाककृतीवाल्यांच्याच मागे होते. सराफानं शेजारच्या सराफाकडे गिऱ्हाईक मागावं, तसलाच प्रकार!

आधी वाचकाची वाट शोधा

वाचक आपल्याकडे येण्याआधी कुठे होता आणि इथून कुठे जाणार, हे कागदावर मांडा. गूगल सर्च कन्सोलमध्ये लोक काय शोधत आपल्यापर्यंत पोचले ते दिसतं. माझ्याकडे ‘इंदूरला पोहे कुठे खावेत’ विचारणारे निघाले. म्हणजे सहलीचे लोक: उज्जैनला महाकाल, मग ओंकारेश्वर, महेश्वर, आणि मधे इंदूरला मुक्काम. मग माझे शेजारी कोण ते आपोआप ठरलं. मध्य प्रदेशच्या सहलींवर मराठीत लिहिणारे, महेश्वरी साड्या विकणारे, घरगुती मुक्कामाची सोय करणारे.

दहा-बारा नावांची यादी करा. साइट जिवंत आहे ना, मोबाइलवर नीट उघडते ना, एवढं बघा. आपल्या शंभरपट मोठ्या साइटच्या दारात तिष्ठत बसू नका.

आधी द्या, मग मागा

पत्र लिहिण्यापूर्वी त्यांच्या एखाद्या पानाची लिंक आपल्या लेखात घाला, पण खरोखर उपयोगाची असेल तिथेच. मग मागणं एकच आणि नेमकं ठेवा. साडीवाल्या ताईंना मी लिहिलं होतं:

‘नमस्कार ताई, मी इंदूरहून लिहितेय. माझ्या महेश्वरच्या लेखात तुमचं हातमागाची साडी ओळखण्याचं पान जोडलंय. तुमच्याकडे येणाऱ्यांना महेश्वरात जेवायचं कुठे हा प्रश्न पडतच असेल. त्यावर एक पान तुमच्या साइटसाठी लिहून देऊ का? तुम्ही माझ्याकडे साडीच्या किनारीवर लिहा.’

‘एकत्र काहीतरी करू या’ असल्या मोघम निरोपाला मीही उत्तर देत नाही.

पाहुणा लेख हा सर्वांत सोपा व्यवहार. त्याहून चांगलं म्हणजे दोघांनी मिळून एक पान करणं, उदाहरणार्थ ‘महेश्वरचा एक दिवस’: घाट, किल्ला, हातमाग त्यांच्याकडून, जेवणखाण माझ्याकडून. आणि पार्सलमधली चिठ्ठी विसरू नका. साडीच्या डब्यात जिरावणाची पुडी आणि क्यूआर कोड, माझ्या पाकिटात त्यांचा. छपाईचा खर्च तेवढा येतो.

लिंकांचा बाजार टाळा

‘तू मला दे, मी तुला देतो’ अशा पन्नास साइटींच्या साखळीत शिरू नका. अतिरेकी लिंक-अदलाबदल गूगलच्या नियमांत स्पॅम धरली जाते. पैसे किंवा फुकटचा माल घेऊन लिंक दिली, तर तिच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण लावा (2019 पासून ती सोय आहे) आणि वाचकालाही स्पष्ट सांगा.

दुसरा खड्डा मी स्वतः पडून पाहिलाय. एका साइटला माझा अख्खा लेख छापू दिला. पुढे शोधात त्यांचं पान वर आणि माझं खाली! आता मी दोन परिच्छेद आणि ‘पुढे वाचा’ची लिंक एवढंच देते. पूर्ण लेख हवाच असेल, तर त्यांनी आपल्या प्रतीला ‘नोइंडेक्स’ लावायचं, म्हणजे ती शोधात येत नाही. हे ईमेलवर लिहून घ्या. तोंडी ठरलेलं पुढच्या महिन्यात कुणाला आठवत नाही.

मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका

प्रत्येक भागीदाराला वेगळी, यूटीएम खुणा (वाचक कुठून आला ते सांगणारे, लिंकच्या शेपटाला जोडायचे शब्द) जोडलेली लिंक द्या, नाहीतर गूगल अ‍ॅनॅलिटिक्स या वाचक मोजणाऱ्या साधनात व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले वाचक बहुतेकदा ‘डायरेक्ट’मध्ये, म्हणजे थेट आलेल्यांत, जमा होतात आणि श्रेय कुणाचं ते कळत नाही. खुणेतली नावं रोमन लिपीत आणि सगळी लहान अक्षरांत लिहा. देवनागरीत लिहिली तर लिंक पाठवताना टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक शेपटी होते, आणि एकदा मोठं, एकदा लहान अक्षर टाकलं तर अ‍ॅनॅलिटिक्स एकाच भागीदाराचे दोन मोजतं. स्वतःच्याच साइटवरच्या आतल्या लिंकांना या खुणा लावू नका, मूळ स्रोत पुसला जातो.

आकड्यांत नुसती गर्दी बघू नका. किती जण थांबले, किती जणांनी दुसरं पान उघडलं, माझ्या बाबतीत किती पुड्या गेल्या, ते बघा. तीन महिने द्या. काही हललं नाही, तर आभार मानून थांबा, संबंध मात्र तोडू नका.

हंगाम आधी धरा. गराडू (तळून मसाला लावून खायचा कंद) थंडीतला, म्हणून सहलवाल्यांशी माझं बोलणं गणपतीतच उरकतं. आणि 2028 मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे, इंदूरहून जेमतेम 55 किलोमीटरवर. महाराष्ट्रातून येणाऱ्यांसाठी मुक्काम, रस्ते आणि जेवण अशी तीन पानं तीन साइटींनी वाटून घ्यायचं आमचं ठरलंय. जेवणाचं माझ्याकडे आलंय.