ओबी डंप घसरतो तो तळातून: या चुका टाळा

चंद्रपूर-वणी पट्ट्यातील उघड्या कोळसा खाणींत कोळशावरचा वालुकाश्म, मुरूम आणि चिकणमाती काढून जो ढीग रचला जातो, त्याला खाणीवर सगळेच ओबी (ओव्हरबर्डन) डंप म्हणतात. असा ढीग घसरला की पहिली चौकशी उताराच्या कोनाची होते. कोन महत्त्वाचा आहेच. २०१७ च्या कोळसा खाण नियमांनुसार तो ३७.५ अंशांपेक्षा अधिक असता कामा नये आणि ३० मीटरपेक्षा उंच ढिगाला बेंच, म्हणजे पायऱ्यांसारखे टप्पे, पाडावे लागतात. मात्र हे दोन्ही पाळलेले ढीगही घसरतात, कारण खरा दोष बहुधा पहिला डंपर रिकामा होण्याआधीच, तळाच्या जमिनीत राहून गेलेला असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे काळी माती न काढता तिच्यावरच ढीग सुरू करणे. मे महिन्यात ही जमीन विटेसारखी टणक असते आणि भरलेल्या डंपरचे चाकही तिच्यात रुतत नाही, त्यामुळे तिच्यावर विश्वास बसतो. पण तिच्यातील फुगणारी चिकणमाती पावसाचे पाणी पिते आणि ते सहजासहजी सोडत नाही. तीस मीटर उंचीचा ढीग तळावर दर चौरस मीटरला ५० टनांहून अधिक भार टाकतो. पाण्याला बाहेर पडायला वाटच नसल्याने हा वाढता भार मातीच्या कणांऐवजी मधले पाणी पेलते, मातीची ताकद वाढत नाही आणि सगळा ढीग ओल्या थरावरून पुढे सरकतो. चाचणीच्या खड्ड्यातील माती भिजवून अंगठा आणि तर्जनी यांमध्ये दाबून पाहावी. तिची लांब, चकचकीत पट्टी न तुटता निघत असेल, तर त्या जागेवर ढीग उभारण्यापूर्वी मुरूम किंवा खडक लागेपर्यंत ती काढलीच पाहिजे. वरची सुपीक माती वेगळी साठवण्याचे बंधन तसेही आहेच. काळीचा थर फार जाड असेल, तर निदान पायथ्याच्या पट्ट्यात चर खणून तो मोठ्या वालुकाश्माने भरावा.

दुसरी चूक पाण्याची. नाला, ओढा किंवा झरा ढिगाखाली गाडला की तो नाहीसा होत नाही, तो ढिगाच्या आत वाहू लागतो. वेल्समधील अ‍ॅबरफॅन येथे कोळसा खाणीचा सातव्या क्रमांकाचा ढीग झऱ्यांवरच रचलेला होता. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी तो गावावर आला आणि १४४ माणसे गेली, त्यांपैकी ११६ मुले होती. ढिगावर पडणाऱ्या पावसासाठी माथ्याला उताराच्या कडेपासून आत ढाळ द्यावा आणि वरून वाहत येणारे पाणी ढिगापर्यंत पोहोचण्याआधीच नाल्यांनी वळवावे.

दाबाईबद्दलचा गैरसमज यापेक्षा वेगळा आहे. तीस मीटर ढीग एकाच टप्प्यात कडेवरून ओतून माथ्यावर रोलर फिरवला, की काम झाले असे मानले जाते. वास्तविक रोलरचा परिणाम वरच्या मीटरभर थरापलीकडे फारसा जात नाही. शिवाय कडेवरून ओतताना मोठे दगड घरंगळत तळाशी जातात आणि बारीक माल वर राहतो. डंपरच्या रोजच्या वाटेवर हा बारीक माल दाबून घट्ट होतो. त्याच्यावर पुढचा टप्पा चढवला की त्या थरावर पाणी साचते. म्हणून दाबाई खरोखर हवी असेल, तर माल एक-दोन मीटरच्या थरांत पसरून प्रत्येक थर दाबावा आणि जुनी वाट पुढील टप्प्याआधी उकरून घ्यावी. प्रॉक्टर चाचणी, म्हणजे माती जास्तीत जास्त किती घट्ट दाबता येते हे पाहणारी प्रयोगशाळेतील चाचणी, हिचा आकडा मोठ्या दगडांच्या मालाला लावू नये. जागेवरच चाचणी-भराव करून रोलरच्या किती फेऱ्यांनंतर थर आणखी खचत नाही, ते मोजणे अधिक विश्वासार्ह ठरते.

माथ्यावर भेग दिसली की डोझरने ती बुजवून काम पुढे चालू ठेवतात. हे कधीही करू नये, कारण बुजवलेली भेग मोजता येत नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून अंतर रोज टेपने मोजावे. वाढ दिवसेंदिवस मंदावत असेल, तर ढीग बसत असण्याची शक्यता अधिक. वाढीचा वेग चढत असेल, भेग कमानीसारखी वळून तिची टोके उताराकडे जात असतील आणि पायथ्याशी जमीन फुगत असेल, तर ढीग घसरू लागला आहे. त्या वेळी खालची माणसे आणि यंत्रे तत्काळ हलवावीत आणि वर माल टाकणे थांबवावे.

पायथ्याचा हा फुगवटा रस्त्यात किंवा नाल्यात आला म्हणून लोडरने उचलून नेणे, ही मला सर्वांत घातक चूक वाटते. तो फुगवटाच त्या क्षणी ढिगाला आधार देत असतो. त्याला हात न लावता, हालचाल थांबल्याची मापांवरून खात्री पटल्यावर, बाहेरून पाणी झिरपू देणाऱ्या मोठ्या वालुकाश्माचा जड टेकू द्यावा आणि माथ्यावरचा भार उतरवावा. रस्ता मात्र दुसरीकडून काढावा.