परसातल्या कोंबड्या पाळताना या चुका टाळा

गेली अकरा वर्षं माझ्या परसात कोंबड्या आहेत. विकायला नाहीत, कापायला नाहीत, लळा लागला म्हणून आहेत. ओळखीत कुणाला कोंबड्या आणायच्या असल्या की विचारायला माझ्याकडे येतात, आणि चार-सहा महिन्यांनी त्यांचाच रडवेल्या आवाजात फोन येतो. काय झालं असेल हे मला ऐकायच्या आधीच कळतं. चुका ठरलेल्या आहेत. त्यातल्या सगळ्यात महाग दोन मी स्वतः केल्या, त्यामुळे त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिते.

जाळी आणि तिन्हीसांजेची मोजणी

षटकोनी भोकांची पातळ जाळी ‘कोंबड्यांची जाळी’ म्हणून मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला अडवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो, कोल्हा खालून उकरून आत येतो, आणि ऊदमांजर भोकातून पंजा घालून जे हाताला लागेल ते ओढतं. दिवसा मुंगूस आणि घार असतातच. कोंबडीला अंधारात जवळजवळ काही दिसत नाही. एकदा दांडीवर बसली की ती उजाडेपर्यंत तिथेच. संकट आलं तर पळेल, ओरडेल, आपल्याला जाग येईल, ही आशा धरू नका.

माझं तिसरं वर्ष. सात कोंबड्या होत्या आणि खुराडं मी स्वतः ठोकलेलं होतं. लाकूड उत्तम, छप्पर उत्तम, जाळी मात्र तीच पातळ आणि नुसत्या यू-पिनांवर मारलेली. एका दुपारी मागच्या कोपऱ्यात जाळीच्या बुडाशी माती उकरलेली दिसली, जेमतेम ओंजळभर. मी ती पायाने परत लोटली, वरून दाबली आणि रविवारी तिथे दगड लावू म्हटलं. त्या दिवशी मंगळवार होता.

बुधवारी पहाटे खुराडं गप्प होतं. रोज माझ्या पावलांचा आवाज आला की आतून गुरगुर सुरू व्हायची, त्या दिवशी काहीच नाही. दाराची कडी जशीच्या तशी, आणि कोपऱ्यात वीतभर रुंद खड्डा. पिना उपटून जाळी आत वळलेली, जाळीच्या टोकाला लालसर केसांचा झुपका. चार कोंबड्या भुश्यावर मरून पडलेल्या, खाल्लेलीही नाही एकही. पाचवीची पिसं कुंपणापर्यंत सांडत गेली होती. ठिपकी आणि शेवंती तेवढ्या छपराच्या आडव्या वाशावर एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. त्यांना खाली उतरवायला मला तास लागला.

लोक इथेच पुढची चूक करतात. खड्डा बुजवतात आणि वाटतं, संपलं. कोल्हा मारून ठेवलेलं न्यायला परत येतो. मी दोघींना रात्री न्हाणीघरात डालग्याखाली ठेवलं म्हणून त्या वाचल्या. सकाळी त्याच कोपऱ्यात ताजी माती होती.

तेव्हापासून मी अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची वेल्डमेश जाळी वापरते. ती पिनांनी मारत नाही, वॉशर घालून स्क्रूने आवळते. जाळी जमिनीत पुरायची तर फूटभर तरी खोल हवी. मला ते खणणं झेपत नाही, म्हणून भिंतीच्या बुडापासून बाहेरच्या बाजूला दीड-दोन फुटांचा पट्टा जमिनीवर आडवा पसरते, कडेला दगड ठेवते. महिन्याभरात त्यातून गवत वर येतं आणि जाळी दिसेनाशी होते. जनावर अगदी भिंतीलगत उकरायला लागतं, तिथे नखाला जाळी लागते. दोन पावलं मागे सरून उकरावं हे त्याला सुचत नाही. दाराला दोन कड्या, एक वर, एक खाली.

आणि मोजणी. मी नजरेने मोजत नाही, हाताने मोजते. तिन्हीसांजेला टॉर्च घेऊन आत जायचं आणि दांडीवरच्या प्रत्येक पाठीवर हात ठेवायचा. दोन मिनिटं लागतात. आपोआप बंद होणारी दारं आता मिळतात, ती वाईट नाहीत. पण दार वेळ झाली की बंद होतं, एक कोंबडी बाहेर झुडपात राहिली आहे हे त्याला कळत नाही. यंत्र बसवलं म्हणून संध्याकाळचं जाणं बंद केलेली माणसं मला माहीत आहेत. त्यांचेही फोन आलेत.

अंड्यांची घाई

पिल्लं आणून दोन महिने होत नाहीत तोच ‘अंडी कधी?’ सुरू होतं. साधारण अठरा ते बावीस आठवडे लागतात, काही तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) त्याहून उशीर करतात. लवकर व्हावं म्हणून कुणी लहान पिल्लांना लेअरचं, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबडीचं खाद्य घालतं. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं आणि वाढत्या पिल्लाला एक टक्क्याच्या आसपास पुरतं. जास्तीचं मूत्रपिंडावर जातं. लहानपणी झालेलं ते नुकसान पुढे भरून निघत नाही. पहिलं अंडं मिळेपर्यंत स्टार्टर (लहान पिल्लांचं खाद्य) आणि मग ग्रोअर (वाढत्या पिल्लांचं) एवढंच द्या. नंतर लेअर, आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं, ज्या कोंबडीला लागेल ती बरोबर खाते.

वर्षातून एकदा पिसं झडतात आणि अंडी थांबतात. हा आजार नाही. पीस जवळजवळ सगळं प्रथिनांचंच असतं, तेव्हा त्या दिवसांत प्रथिनं वाढवा आणि तिला उगाच उचलू नका, नवी फुटणारी पिसं दुखतात. थंडीतही अंडी हवीत म्हणून खुराड्यात दिवे लावणं मला पटत नाही. तिचं शरीर विश्रांती मागत असेल तर घेऊ द्यावी.

पिल्लांच्या बाबतीत

पहिल्या आठवड्यात सुमारे पस्तीस अंश ऊब, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर ठेवा, पण बघा पिल्लांकडे. दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजते आहे. कडेला पांगून चोच उघडी टाकली असेल तर उकडतं आहे. दिवा नुसता क्लिपवर टांगू नका, साखळीने दुसऱ्यांदा बांधा. भुश्यावर पडलेल्या दिव्याने आग लागते. पाण्याच्या ताटलीत गोटे टाका, पिल्लू बोटभर पाण्यातही बुडतं. आणि निवड न करता आणलेल्या पिल्लांत निम्मे कोंबडे निघणार हे आणण्याआधी मान्य करा. पहाटे आरवायला लागल्यावर त्यांना सोडून कुठे द्यायचं याची शोधाशोध मला बघवत नाही.

आजार उशिरा दिसणं

ही दुसरी मोठी चूक. इथेही जाळीइतकंच मोठं नुकसान आहे, फक्त ते हळू होतं.

कोंबडी दुखणं लपवते. कळपात जी मलूल दिसते तिला बाकीच्या टोचतात आणि शिकारीची नजरही तिच्यावरच पडते. म्हणून ती शेवटपर्यंत उभी राहते, दाणे टिपल्यासारखं करते. चोच खाली जाते, पण काही उचललं जात नाही. नवखा माणूस म्हणतो, ‘काल तर चांगली होती!’ काल ती चांगली नव्हती.

शेवंती त्या रात्रीतून वाचलेली. हळदी रंगाची, डाव्या पायाचं एक नख वाकडं. मी परसात पाटावर बसले की येऊन माझ्या पावलावर बसायची, अगदी पंजाच्या फुगवट्यावर, आणि पोटाची ऊब पायाला लागायची. दाण्याच्या डब्याचं झाकण कुठल्याही खोलीत वाजलं तरी ती दारात हजर. सकाळी खुराड्यातून पहिली बाहेर यायची तीच. मग एका आठवड्यात ठिपकी आधी बाहेर यायला लागली. मला ते दिसलं, मी त्यावर हसलेही. पाच दिवसांनी शेवंतीची शेपूट खाली आली. ती पाय फाकवून, छाती वर काढून चालायला लागली. पोटाला हात लावला तर पाण्याच्या पिशवीसारखं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, बलक अंडनलिकेत न जाता पोटात पडतोय, आत संसर्ग झालाय. औषध सुरू केलं. तिसऱ्या दिवशी ती गेली, माझ्या मांडीवर.

हे दुखणं कोंबड्यांत फार आढळतं आणि त्याचं कारण आपणच आहोत. त्यांचे रानटी पूर्वज वर्षाकाठी मूठभर अंडी घालतात. आपण निवडून निवडून तयार केलेल्या जाती अडीचशे-तीनशे घालतात. त्या अवयवांना उसंतच नाही. कोंबड्यांत अंडाशयाचा कर्करोग इतका होतो की बायकांच्या त्या आजाराच्या अभ्यासासाठी संशोधक कोंबड्यांवर काम करतात. म्हणून मी सांगते, भरमसाट अंडी देणारी जात लळ्यासाठी आणू नका. कमी अंडी देणाऱ्या जुन्या जाती बहुतेक जास्त जगतात, आणि बरी राहिली तर कोंबडी आठ-दहा वर्षं सोबत करते.

शेवंतीनंतर मी दर रविवारी सगळ्यांना वजनकाट्यावर ठेवते आणि आकडा वहीत लिहिते. पिसांखाली वजन लपतं. डोळ्यांना गुबगुबीत दिसणारी कोंबडी हातात घेतली की छातीचं हाड सुरीसारखं लागतं. दीड-पावणेदोन किलोच्या कोंबडीचं शंभर-दीडशे ग्रॅम वजन उतरलं तर मी वाट बघत नाही. सकाळी दाणे टाकण्याआधी गळ्याखालची पिशवी चाचपते. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. कडक गोळा लागला तर लांब गवत अडकलंय, लिबलिबीत लागली आणि तोंडाला आंबूस वास आला तर आत आंबतंय. दांडीखाली फळी ठेवली की सकाळी प्रत्येकीची शीट जागच्या जागी दिसते. आणि दारातून बाहेर येण्याचा क्रम मी आता रोज बघते.

कोंबड्या बघणारे डॉक्टर आधी शोधा, कोंबड्या नंतर आणा. कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर पक्षी बघत नाहीत, आणि हे दुखण्याच्या रात्री कळून उपयोग नाही. ऐकीव काढ्यांत चार दिवस घालवणाऱ्यांचा मला राग येतो. कोंबडीकडे तेवढे चार दिवस नसतात. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिकही मनाने देऊ नका; चुकीचं औषध बसतं, वर ते अंड्यात उतरतं.

एकाच वेळी अनेक कोंबड्या पटापट मेल्या तर उघड्या हाताने उचलू नका, स्वतः पुरू नका. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा.

किरकोळ, पण रोज दिसणाऱ्या

थंडी लागू नये म्हणून खुराडं घट्ट बंद करतात. मग अमोनिया कोंडतो आणि छाती धरते. हवा डोक्याच्या वरून खेळती ठेवा. उन्हाळ्यात सावली आणि गार पाणी दोन-तीन जागी ठेवा, कोंबडीला घाम येत नाही. एका कोंबडीला आत चार चौरस फूट जागा तरी द्या, नाहीतर त्या एकमेकींची पिसं उपटतात. धूळस्नानाला कोरडी माती हवीच. कच्च्या कडधान्याचे दाणे, ॲव्होकाडो, चॉकलेट नाही. मुलांना पिल्लांचे मुके घेऊ देऊ नका, पोट बिघडवणारा साल्मोनेला हा जंतू त्यातून येतो. हात धुवायचे म्हणजे धुवायचे. दांड्यांच्या खाचांत रात्री टॉर्च मारून बघा, लाल गोचीड दिवसा लपलेला असतो.

नवी कोंबडी थेट सोडणं

शेवंती गेली आणि ठिपकी एकटी उरली. एकटी कोंबडी ठेवणं ही मोठी शिक्षा आहे, आणि ती मी तिला जवळजवळ तीन आठवडे दिली, कारण मला पुन्हा जीव लावायची हिंमत नव्हती. ती दिवसभर हाका मारायची. संध्याकाळी दांडीपाशी उभी राहायची, वर चढायची नाही. मी दांडीवर माझा हात आडवा ठेवला की मग उडी मारून हाताला खेटून बसायची. डोळे मिटेपर्यंत मला तो हात काढता यायचा नाही.

घाईने दोन कोंबड्या आणून त्याच संध्याकाळी तिच्याजवळ सोडाव्यात असं मलाही वाटलं. बहुतेक लोक तेच करतात. पण नवी कोंबडी धडधाकट दिसली तरी रोग आणू शकते. तीस दिवस पूर्ण वेगळ्या जागी ठेवायची, तिकडची चप्पल वेगळी, भांडी वेगळी, आधी जुन्यांचं काम आणि मग नव्यांचं. नंतर आठ-दहा दिवस मधे जाळी ठेवायची, दिसाव्यात पण टोचता येऊ नये. कळपात कोण कुणाला टोचणार याची उतरंड ठरलेली असते. थोरलीफ श्येल्डरूप-एब्ब या नॉर्वेजियन अभ्यासकाने 1921 साली ती कोंबड्यांवरूनच मांडली. नवी आली की ती सगळी पुन्हा ठरते, आणि त्यात रक्त निघू शकतं. म्हणून एकटी कधी सोडू नका, निदान दोघी एकदम, आणि दाणापाणी दोन जागी.

मी चाळीस दिवस घेतले. तिसाव्या दिवशी नव्या दोघींना ठिपकीच्या शेजारी आणलं, मधे वेल्डमेश. पहिल्या संध्याकाळी ती जाळीपासून लांब बसली. दुसऱ्या संध्याकाळी मी हात ठेवायला गेले, तर ती आधीच दांडीच्या अगदी टोकाला, जाळीला अंग लावून बसली होती. पलीकडून नव्यांपैकी एकीनेही अंग लावलं होतं, आणि दोघींची पिसं जाळीच्या भोकांतून एकमेकींत मिसळली होती.