स्टेशनमुळं वाढलेल्या गावाचा इतिहास कसा गोळा करायचा

आपल्या विदर्भात कितीतरी गावं स्टेशनमुळं वाढली, मूर्तिजापूर घ्या, पुलगाव घ्या, बडनेरा घ्या, पण ते सारं ज्यांनी पाहिलं ती म्हातारी माणसं एकेक करून चालली, म्हणून ज्याला मनापासून हे काम करायचं आहे त्याच्यासाठी लिहून राहिलो.

सगळ्यात आधी एकच शोधा, गाडी इथंच काहून थांबायची? अमेरिकेत मोहावी वाळवंटात केल्सो नावाचं गाव आहे, चहूकडं रखरखाट, पण तिथं पाणी होतं आणि पुढं मोठा चढ, मग वाफेच्या इंजिनात पाणी भरायला अन चढासाठी जास्तीचं इंजिन जोडायला रेल्वेनं तिथं माणसं ठेवली, १९२४ मध्ये मोठं स्टेशन बांधलं. डिझेल आलं तशी ती गरजच संपली, गाव ओसरत गेलं, १९८५ मध्ये स्टेशनही बंद.

आपल्याकडं पाण्यासोबत कापूस पाहा. शकुंतला नावाची नॅरोगेज म्हणजे अरुंद रुळांवरची छोटी गाडी मूर्तिजापूरहून इकडं यवतमाळ ११३ किमी, तिकडं अचलपूर ७६ किमी धावायची, किलिक निक्सन कंपनीनं कापसासाठीच टाकलेली लाइन, १९९४ पर्यंत वाफेवर चालली. म्हणून स्टेशनपासून जुन्या जिनिंग-प्रेसिंगपर्यंत, म्हणजे सरकी काढून कापसाच्या गाठी बांधायच्या कारखान्यापर्यंत, पायी चाला, वाटेत मालधक्का, विहीर, पाण्याची टाकी, धर्मशाळा, रेल्वे क्वार्टर जे दिसेल त्याचा फोटो घ्या. रुळावरून मात्र चालू नका, रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे तो गुन्हा आहे, आणि जीव त्याहून मोठा.

मग माणसं. रिटायर गँगमन (रूळ दुरुस्त करणारा), पॉइंट्समन (गाडीसाठी रूळ बदलणारा), हमाल, स्टेशनसमोरचा चहावाला. साल विचारलं की माणूस अडखळतो, त्यापेक्षा "काकाजी, तुमच्या लग्नाच्या आधी का नंतर?" असं विचारा, बरोबर सांगतात. आणि घरातल्या आजीला विचारल्याशिवाय उठूच नका, क्वार्टरमध्ये पाणी कुठून यायचं, गाडी लेट झाली की डबा कोण न्यायचं, बाळंतपणाला कोण्या गाडीनं माहेरी गेल्या, हे कोणत्याच कागदात नसते अन मला तर हाच खरा इतिहास वाटतो. मोबाइलवर रेकॉर्ड करा पण आधी विचारून.

कागद शेवटी. इंग्रजांच्या काळातलं अकोल्याचं गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक, १९१० चं, अमरावतीचं १९११ चं, दोन्ही नेटवर फुकट वाचायला भेटतात, आपलं गाव शोधा. भूमी अभिलेख कार्यालयात जुना नकाशा मागा, त्यात रेल्वेची हद्द दिसली की वस्ती कोणत्या बाजूनं वाढली ते कळते. दोन माणसांचं सांगणं जुळलं नाही तर दोन्ही लिहा, आपल्या मनानं एक खोडू नका.

रेकॉर्डिंगच्या फाइलला गाव, तारीख आणि त्यांची हरकत नसेल तर नाव टाका, एक कॉपी गावच्या वाचनालयात द्या आणि एक ज्यांनी सांगितलं त्यांच्या घरी पेन ड्राइव्हवर नेऊन द्या.