अमेरिकेत एक वर्ष शिकायला जाताय? विद्यापीठ निवडताना या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात भाची अमेरिकेहून वर्षभर शिकून परतली. बॅगेत दोन जाड जॅकेटं आणि हातात तिकडच्या विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट. दोन सेमिस्टर, ३० क्रेडिट (विषयाचा अभ्यास मोजायचं एकक), एक विषय सोडला तर सगळीकडे ए. ते घेऊन आम्ही दोघं तिच्या कॉलेजच्या परीक्षा विभागात गेलो. खिडकीपलीकडच्या मॅडमनी कागद उलटसुलट पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "वर्षाला ४० लागतात. उरलेले १० कुठायत?"

उरलेले १० कुठंच नव्हते. आता ती तीन विषय आणि एक प्रॅक्टिकल ज्युनिअर बॅचबरोबर करतेय. "मामा, तिकडे नापास झाले असते तरी एवढंच झालं असतं ना," म्हणाली. यावर मला काही बोलता आलं नाही, कारण मी स्वतः सोलापुरात इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवतो आणि तिचा फॉर्म भरताना शेजारी मीच बसलो होतो.

तेव्हापासून कुणी विद्यापीठांची यादी घेऊन घरी आलं की मी यादी बाजूला ठेवायला सांगतो. अमेरिकेतलं विद्यापीठ निवडायची सुरुवात आपल्याच कॉलेजच्या परीक्षा विभागाच्या खिडकीवर होते. पूर्ण डिग्रीला जाणाऱ्याचं वेगळं. एका वर्षासाठी जाणाऱ्याला परत येऊन इथलीच डिग्री घ्यायची असते, हे तो निघण्याच्या गडबडीत विसरतो.

क्रेडिट म्हणजे क्रेडिट, असं समजू नका

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे सेमिस्टरला साधारण २० क्रेडिट, म्हणजे वर्षाला ४०. अमेरिकेत पदवीचा विद्यार्थी सेमिस्टरला सहसा १५ क्रेडिट घेतो. तीन-तीन क्रेडिटचे पाच विषय. व्हिसाच्या नियमासाठी तर १२ घेतले तरी तो पूर्णवेळ विद्यार्थी ठरतो. आपली मुलं १२ चा आकडा ऐकून खूश होतात आणि इथे येऊन अडकतात. अभ्यास कमी नसतो. तिकडे एका विषयाचे रोजचे असाइनमेंट आणि वाचन करता करता रात्र होते. पण परीक्षा विभाग रात्री मोजत नाही.

त्यात काही विद्यापीठांत सेमिस्टर नसून क्वार्टर असतात. सिअ‍ॅटलचं युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन, कॅलिफोर्नियातलं यूसीएलए ही क्वार्टरवाली. तिथला एक क्रेडिट सेमिस्टरच्या दोन तृतीयांश धरतात, म्हणजे ४५ क्वार्टर क्रेडिटचे ३० सेमिस्टर क्रेडिट होतात. शिवाय क्वार्टरचं वर्ष सप्टेंबरच्या शेवटी सुरू होऊन जूनच्या मध्यावर संपतं. तोवर आपल्याकडे पुढच्या वर्षाची तयारी सुरू झालेली असते. सेमिस्टरवाली विद्यापीठं ऑगस्टमध्ये सुरू होऊन मेमध्ये मोकळी होतात. आपल्या वेळापत्रकाला तीच सोयीची.

कॉलेजचा तिकडच्या विद्यापीठाशी ट्विनिंगचा करार (थोडं इथे, थोडं तिकडे शिकून डिग्री इथली) असेल तर आणखी एक गोष्ट बघा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे ट्विनिंगमध्ये परदेशात मिळवलेले क्रेडिट एकूण क्रेडिटच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. चार वर्षांचे १६० धरले तर ४८. वर्षाचे ४० त्यात बसतात, पण आधी एखादं सेमिस्टर बाहेर केलं असेल तर बसणार नाहीत.

आता मी मुलांकडून एक साधा तक्ता करून घेतो. डावीकडे इथला विषय आणि त्याचे क्रेडिट, मधे तिकडचा विषय कोडसकट, उजवीकडे कुठला भाग जुळत नाही तो. प्रत्येक विषयाला दोन पर्याय, कारण तिकडे जागा भरल्या की विषय हातचा जातो. तक्त्यावर एचओडींची सही आणि आवक विभागाचा शिक्का, तारखेसकट. "सर बोलले की चालेल" यावर विमानात बसू नका. वर्षभरात सरांची बदली होते.

तक्ता भरताना हमखास होणारी चूक म्हणजे विद्यापीठाचा कॅटलॉग पाहून विषय लिहिणं. कॅटलॉगमध्ये त्या विद्यापीठात कधी ना कधी शिकवले जाणारे सगळे विषय असतात. या सेमिस्टरला नेमकं काय चालू आहे ते 'शेड्यूल ऑफ क्लासेस'मध्ये कळतं. गेल्या दोन वर्षांची शेड्यूल काढून बघा. विषय फक्त जानेवारीत येतो की ऑगस्टमध्ये, लगेच लक्षात येतं. आणि विषयाआधी कुठला विषय झालेला असावा लागतो तेही वाचा. कॉम्प्युटरच्या विषयांना तर काही ठिकाणी बाहेरच्या विद्यार्थ्यांना जागाच देत नाहीत.

एक्स्चेंज आणि व्हिजिटिंग यांत लाखोंचा फरक

एक्स्चेंजमध्ये फी आपल्या कॉलेजात भरायची आणि शिकायचं तिकडे. राहणं, जेवण, विमा, तिकीट आपलं. व्हिजिटिंग विद्यार्थी म्हणून गेलात तर तिकडची पूर्ण फी, आणि सरकारी विद्यापीठ असलं तरी राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याच्या दराने. मोठ्या सरकारी विद्यापीठांत ही रक्कम वर्षाला ४० हजार डॉलरच्या पुढे सहज जाते. 'सरकारी म्हणजे स्वस्त' हा आपला हिशोब तिथल्या राज्यात राहणाऱ्यांपुरताच खरा.

माझ्या ओळखीच्या एका घरात कन्सल्टंटने 'एक्स्चेंज प्रोग्रॅम' हाच शब्द वापरला होता. वडिलांचा टॉवेलचा कारखाना, इंग्रजी कागद वाचायची सवय नाही. पत्रात मात्र 'व्हिजिटिंग, नॉन-डिग्री' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. फी भरायची वेळ आली तेव्हा कळलं. ओळखायची खूण सोपी आहे: एक्स्चेंज असेल तर आधी तुमच्या कॉलेजला तुमचं नाव तिकडे कळवावं लागतं, त्याला नॉमिनेशन म्हणतात. कुणी नॉमिनेशनचं नावच काढत नसेल तर ते एक्स्चेंज नाही.

पैसे बाहेर पाठवताना आर्थिक वर्षात १० लाखांच्या पुढच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवले तर कापत नाही. तो रिटर्नमध्ये परत मिळतो, पण ऐन ऑगस्टमध्ये हातातून जातो. सीएंना आधीच विचारून ठेवा.

व्हिसाचा कागद वाचा

एक्स्चेंजवाल्याला बहुतेक वेळा जे-१ व्हिसा आणि डीएस-२०१९ हा कागद मिळतो, व्हिजिटिंगवाल्याला एफ-१ आणि आय-२०. सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, फी जे-१ ला २२० डॉलर, एफ-१ ला ३५०. व्हिसाची फी वेगळी. जे-१ ला दर आजारामागे किमान १ लाख डॉलरचा आरोग्य विमा सक्तीचा आहे, म्हणून इथून घेतलेली स्वस्तातली प्रवासी पॉलिसी चालेलच असं नाही. सरकारी पैशावर जात असाल तर जे-१ सोबत दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागू शकते. पुढे तिकडे नोकरी करायची इच्छा असेल तर ती आडवी येते. अट लागू आहे की नाही ते व्हिसावर आणि डीएस-२०१९ वर लिहिलेलं असतं.

मुलाखतीला "हेच विद्यापीठ का?" असं विचारतात. शिक्का मारलेला तक्ता ज्याने स्वतः केला, त्याला याचं उत्तर पाठ करावं लागत नाही.

नावावर भाळू नका, आणि नाव ऐकून फुलीही मारू नका

भाचीच्या पहिल्या यादीत मायामी युनिव्हर्सिटी होती. मोबाइलच्या वॉलपेपरवर समुद्रकिनारा. ही मायामी युनिव्हर्सिटी ओहायो राज्यातल्या ऑक्सफर्ड नावाच्या छोट्या गावात आहे, १८०९ पासून, आणि समुद्राचा तिथे काही संबंध नाही. फ्लोरिडातलं ते युनिव्हर्सिटी ऑफ मायामी. तसंच वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी मिसुरीतल्या सेंट लुइसला आहे, आणि नॉर्थवेस्टर्न शिकागोजवळ, नकाशाच्या वायव्य कोपऱ्यात नव्हे.

उलट चूकही होते. शेतीशास्त्राचा एक विद्यार्थी कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीवर फुली मारून आला होता. गाव मॅनहॅटन, पण न्यूयॉर्कचं नव्हे, कॅन्ससचं, म्हणून त्याचा हिरमोड झालेला. मी म्हटलं, "बाबा रे, तू मंगळवेढ्याचा. अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी कॅन्ससमध्ये पिकते आणि या विद्यापीठात ज्वारीवर काम चालतं. तुला अजून काय हवंय?" तसंच चादर-टॉवेलच्या धंद्यातल्या घरातल्या मुलाने टेक्सटाइलसाठी एकूण रँकिंग बघत बसू नये. नॉर्थ कॅरोलिना स्टेटमध्ये टेक्सटाइलचं अख्खं स्वतंत्र कॉलेज आहे. पहिल्या दहातल्या कित्येक विद्यापीठांत तो विभागच नसतो.

बनावट विद्यापीठं

'माझ्याबाबतीत असं होणार नाही' असं सगळ्यांना वाटतं. कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटीवर २०११ मध्ये छापा पडला तेव्हा काही भारतीय विद्यार्थ्यांच्या पायाला पाळत ठेवणारे रेडिओ पट्टे बांधले होते. मिशिगनमधलं युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन तर अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यानेच सापळा म्हणून उभं केलं होतं. वेबसाइट होती, बोधचिन्ह होतं, फी घेत होते. वर्ग आणि शिक्षक मात्र नव्हते. जानेवारी २०१९ मध्ये शंभरावर भारतीय विद्यार्थी पकडले गेले.

'स्टडी इन द स्टेट्स' या अमेरिकी सरकारच्या साइटवर विद्यापीठाचं नाव आहे का ते बघायचंच. पण सापळ्याच्या त्या विद्यापीठाचं नावही सरकारी यादीत होतं, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. या सेमिस्टरचं वेळापत्रक मागा: कुठला विषय, कुठल्या खोलीत, कोण शिकवतं. हजेरी लागत नाही आणि पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते असं कुणी सांगितलं तर फोन ठेवून द्या. मुंबईत यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेकडे एज्युकेशनयूएसए या अमेरिकी सरकारच्या सल्लासेवेचा फुकट सल्ला मिळतो. कन्सल्टंटला पैसे देण्याआधी तिथे विचारा.

गाव बघून घ्या

मे महिन्यात ४३-४४ अंश सोसणाऱ्या सोलापूरकराला मिनेसोटातला जानेवारी कल्पनेत येत नाही. तरी थंडीची सवय होते. बसची होत नाही, कारण ती नसतेच. नकाशावर हॉस्टेलचा पत्ता आणि जवळचं किराणा दुकान टाका, बसने जायचा पर्याय निवडा आणि वेळ रविवार संध्याकाळ ठेवा. रस्ता दाखवलाच नाही तर समजून घ्या.

घोळ आधीच झालाय?

तिकडे पोचल्यावर ठरलेला विषय मिळाला नाही, तर पहिल्या आठवड्यात विषय बदलायची मुदत असते. त्याच रात्री नव्या विषयाचा सिलॅबस पीडीएफ करून एचओडींना मेल करा आणि होकार मेलवरच मागा. सिलॅबस जपून ठेवा. पुढच्या सेमिस्टरला ती लिंक बंद झालेली असते.

क्रेडिट कमी पडणार असं दिसत असेल तर परत यायची वाट पाहू नका. तिकडे एखादा जादा विषय घेता येतो का, की इथे परतल्यावर उन्हाळी परीक्षेत बसवतात, हे डिसेंबरच्या आत विचारा.

तिकडच्या ऑफिसला इथून फोन करायचा तर पूर्व किनाऱ्यासाठी संध्याकाळी सातची वेळ बरी. तिथे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, मग सातला साडेआठच झालेले असतात आणि कुणी फोन उचलत नाही. भाचीच्या आईने एक अख्खा आठवडा असाच काळजीत काढला.

आणि डिसेंबरच्या सुट्टीत बरीच हॉस्टेलं बंद होतात, खोलीचं भाडं भरलेलं असलं तरी. सुट्टीत राहायची सोय आहे का, हे विद्यापीठ निवडतानाच विचारायचं. राहून गेलं असेल तर ऑक्टोबरमध्ये अर्ज द्यायचा. भाचीने दिला नव्हता. मैत्रिणीच्या मावशीकडे न्यू जर्सीत तीन आठवडे काढले, आणि मावशी निघाल्या अक्कलकोटच्या.